कोकणातले जुने कौलारू घर दुरुस्तीला काढताना

कोकणातले वडिलोपार्जित घर दुरुस्तीला काढणारे बहुतेक जण आतून सुरुवात करतात. आधी फरशी, मग स्वयंपाकघराचा ओटा, मग भिंतींचा रंग, आणि पैसे उरलेच तर छप्पर. पहिल्याच पावसाळ्यात हा क्रम उलटा पडतो, कारण रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. ही घरे बांधणाऱ्यांनी छपराची उतरती पाखी, खोल पडव्या, उंच जोते आणि जाड भिंती योजल्या त्या या पावसाकडे बघूनच. म्हणून दुरुस्तीचा क्रमही पावसाचाच असावा: आधी वरचे पाणी, मग जमिनीवरचे पाणी, मग भिंती, मग जमीन, आणि शेवटी सुखसोयी. प्रथमच असे काम हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

कागद आधी, कुदळ नंतर

सातबारा उताऱ्यावर नाव असणे आणि घर आपल्या नावावर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये असते आणि घरपट्टी त्यावरून आकारली जाते. कोकणात जमीन बहुधा सामाईक असते आणि सातबाऱ्यावर आजोबांच्या भावंडांचे वारसही असतात. त्या सर्वांची लेखी संमती घेतल्याशिवाय भिंतीला हात लावू नये. दुरुस्ती अर्धी झाल्यावर मुंबईहून चुलतभावाची हरकत आली, तर उघडे पडलेले छप्पर त्या वादात भिजत राहते. वारसनोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे अर्ज देऊन ती आधी करून घ्यावी.

घर समुद्राच्या किंवा खाडीच्या भरतीरेषेजवळ असेल तर सागरी नियमन क्षेत्राचे, म्हणजे सर्वसाधारण बोलण्यातल्या ‘सीआरझेड’चे नियम लागू होतात. विकासास मनाई असलेल्या पट्ट्यातही अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती करता येते, मात्र जोत्याचे क्षेत्रफळ आणि चटईक्षेत्र मूळ मर्यादेतच ठेवावे लागते. याचाच अर्थ असा की घर अधिकृत आणि जुने असल्याचा पुरावा जपून ठेवावा लागतो. घरपट्टीच्या जुन्या पावत्या कधीही टाकून देऊ नयेत.

एक पावसाळा नुसता पाहावा

घर नुकतेच ताब्यात आले असेल तर पहिल्या पावसाळ्यात गळती थांबवण्यापुरतेच काम करावे आणि बाकी निरीक्षण करावे. झड कोणत्या भिंतीवर येते, पागोळ्यांचे पाणी कुठे साचते, कोणत्या खोलीत कपडे वाळत नाहीत, विहिरीचे पाणी कुठपर्यंत चढते, हे कागदावर उतरवावे. गळतीची जागा आतून खडूने खुणावून ठेवावी. कौलांवरून घसरणारे पाणी वाशाच्या कडेने बरेच अंतर वाहत येते, त्यामुळे थेंब जिथे पडतो त्याच्या नेमके वरचे कौल क्वचितच दोषी असते, आणि खुणा नसतील तर कौले चाळणारा कारागीर, म्हणजे कौलारूसुद्धा अंदाजाने काम करतो.

याच काळात घराचा नकाशा स्वतः काढावा. टेप आणि वही पुरते. भिंतींची जाडी, उंबऱ्यांची उंची, खांबांमधले अंतर, आढ्याची उंची अशी सगळी मापे त्यात यावीत. जुन्या घरात काटकोन फारसे सापडत नाहीत, म्हणून प्रत्येक खोलीचे कर्णही मोजावेत.

नकाशा झाला की घर कुणासाठी दुरुस्त करायचे आहे हे ठरवावे. निवृत्तीनंतर दोघांनी कायम राहायचे घर, सुट्टीत येण्याचे घर आणि पाहुण्यांना भाड्याने द्यायचे घर यांच्या गरजा एकमेकांशी जुळत नाहीत. मात्र कोकणात एक कसोटी सगळ्यांनाच लागू पडते, ती म्हणजे गणपतीची. चतुर्थीला चाकरमानी आले की घरात पंचवीस माणसे झोपतात आणि आरतीला त्याच्या दुप्पट उभी राहतात. ओटी आणि माजघर यांच्यामधली भिंत काढावी की ठेवावी, माळ्यावर झोपता येईल का, मागीलदारी न्हाणीघरे किती असावीत, या प्रश्नांची उत्तरे दिवाणखान्याच्या चित्रांतून मिळत नाहीत, ती या पाच दिवसांच्या हिशेबातून मिळतात. सिंधुदुर्गात गणपतीच्या वर माटवी, म्हणजे फळे-भाज्या टांगलेली लाकडी चौकट, बांधण्याची पद्धत आहे. खाली छत ठोकून तिच्या कड्या झाकल्या, तर घरातली वडीलधारी माणसे वर्षभर बोलून दाखवतील, आणि त्यांचे बरोबरच असेल.

छप्पर

एकूण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा इथे जाऊ द्यावा. पाहणी वरून न करता माळ्यावर चढून आतून करावी. दिवसा माळ्यावर अंधार करून बसले की फुटलेल्या आणि सरकलेल्या कौलांमधून उजेडाचे ठिपके दिसतात. मग लाकूड तपासावे. वासा मध्यात क्वचितच कुजतो. तो भिंतीवर टेकतो तिथे आणि वळचणीच्या टोकाशी कुजतो. जाड सुई किंवा पेचकस टोचून पाहावा: अर्धा इंच सहज आत गेला तर ते टोक बदलावे लागेल. संपूर्ण वासा टाकून देण्याची गरज नसते. कुजलेला भाग कापून चांगल्या लाकडाचा लांब तिरपा सांधा देणारे सुतार अजून गावोगावी आहेत. आढ्याला आणि तुळयांना दोरी ताणून बाक पाहावा. थोडा बाक शंभर वर्षांच्या लाकडाला शोभतो, परंतु एका वर्षात वाढलेला बाक धोक्याचा असतो.

एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. चुलीचा धूर वर्षानुवर्षे स्वयंपाकघरावरच्या वाशांना लागत असे आणि त्यामुळे कीड लांब राहत असे. गॅस आल्यावर धूर गेला, आणि पूर्वी काळेभोर, टणक असलेल्या त्या वाशांना भुंगे लागू लागले. म्हणून स्वयंपाकघरावरचे लाकूड विशेष लक्ष देऊन तपासावे आणि खाली पिवळसर भुकटी पडते का ते पाहावे. चांगल्या लाकडावर बोरिक आम्ल आणि बोरॅक्सचे पाण्यातले द्रावण दोन-तीन वेळा मारल्याने किडीला आळा बसतो. हे द्रावण पावसाने धुऊन जाते, त्यामुळे ते झाकलेल्या लाकडासाठीच वापरावे.

नवे लाकूड लागणारच असेल तर परसातला फणस तोडण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा यांसारखी अनुसूचित झाडे स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत आणि लाकूड रस्त्याने न्यायचे तर वनविभागाचा वाहतूक परवानाही लागतो. पाडलेल्या घरांचे जुने सागवान किंवा ऐन मिळाले तर ते अधिक चांगले. ते मुरलेले असते, नव्या लाकडासारखे पिळत नाही. मात्र त्यातले खिळे काढून घ्यावेत, नाहीतर सुताराचा रंधा आणि त्याचा स्वभाव दोन्ही बिघडतात.

आता कौले. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बाझल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला काढला आणि तिथून ती साऱ्या किनाऱ्यावर पसरली. त्याआधी नळ्यांची, म्हणजे अर्धगोल कौलांची, आणि गवताची छपरे होती. तुमच्या घरावरचे एखादे कौल उतरवून त्याची खालची बाजू पाहा, कारखान्याचे नाव तिथे ठसवलेले सापडेल. जुनी कौले काढताना ती खाली टाकू न देता हातोहात उतरवून घ्यावीत, ब्रशने शेवाळ काढावे आणि बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर कौल चांगले. बद्द आवाज आला तर डोळ्यांना न दिसणारी चीर आहे असे समजावे. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांची खाच एकमेकांत बसत नाही, म्हणून एकाच पाखीवर जुनी-नवी मिसळू नयेत. सगळी चांगली जुनी कौले दर्शनी पाखीवर आणि नवी मागच्या पाखीवर घालावीत, म्हणजे गळती टळते आणि घराचा चेहराही राहतो.

वजनाचा हिशेब ध्यानात ठेवावा. एक कौल साधारण दोन-अडीच किलोंचे आणि शंभर चौरस फुटांना सव्वाशे ते दीडशे कौले लागतात, म्हणजे तेवढ्या जागेवर सुमारे तीनशे किलो भार येतो, आणि ओली कौले याहून जड असतात. रिपा, म्हणजे कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या, आणि वासे हा भार पेलणारे हवेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतल्या असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडाले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगतून गेले. वारा छप्पर खाली दाबत नाही, वळचणीखाली शिरून ते वर उचलतो. त्यामुळे वळचणीच्या दोन-तीन ओळी, पाखीच्या कडा आणि आढ्यावरचे कोने, म्हणजे आढे झाकणारी कौले, तांब्याच्या किंवा न गंजणाऱ्या तारेने बांधून घ्यावेत, आणि वासे भिंतीवरच्या आडव्या लाकडाला नुसत्या खिळ्यांनी न जोडता लोखंडी पट्टी आणि बोल्टांनी जखडावेत. खारी हवा साधे लोखंड लवकर खाते, त्यामुळे पट्ट्या, बोल्ट आणि खिळे जस्त चढवलेले घ्यावेत.

वानरांचा त्रास असलेल्या गावांत लोक कौले काढून पत्रे घालतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण दरवर्षी कौले चाळायला कौलारू मिळत नाही आणि एक वानरसेना दुपारभरात पाखी फोडून जाते. तरी पत्र्याखाली उन्हाळ्यात राहवत नाही आणि पावसात बोललेले ऐकू येत नाही. यावर मधला मार्ग आहे: वाशांवर रंगीत पत्रा, त्यावर वाशांच्याच दिशेने उभ्या पट्ट्या, त्यांवर आडव्या रिपा आणि वर कौले. उभ्या पट्ट्यांमुळे फुटक्या कौलातून आलेले पाणी पत्र्यावरून सरळ खाली वाहून जाते आणि मधल्या पोकळीतून हवा खेळते. आडव्या रिपा थेट पत्र्यावर ठोकल्या तर पाणी त्यांच्यामागे अडते आणि दोन-तीन वर्षांत रिपा कुजतात. बांधकाम चालू असताना ही एक गोष्ट स्वतः उभे राहून पाहावी.

जोते आणि पागोळ्या

पागोळ्यांचे पाणी जोत्याच्या जितक्या जवळ पडते तितकी भिंत खालून ओल ओढते. वळचण जोत्याबाहेर किमान दोन फूट यावी आणि पागोळी पडते त्या ओळीत चिऱ्यांचा उथळ चर बांधून तो उताराकडे काढून द्यावा. अंगणाला सिमेंटचा कोबा करण्याची आजकाल पद्धत पडली आहे. तो भिंतीपर्यंत भिडवला तर जमिनीत मुरणारे पाणी भिंतीकडे वळते. जोत्याला लागून दोन फुटांची मोकळी पट्टी ठेवून तिच्यात खडी भरावी. वर्षानुवर्षे अंगणात माती पडून त्याची पातळी चढते आणि जोते बुटके होते. ती माती काढली तर अनेक घरांची ओल एक पैसाही खर्च न करता कमी होते.

भिंती

कोकणातल्या जुन्या भिंती जांभ्या चिऱ्यांच्या किंवा मातीच्या असतात आणि चिरे बहुधा मातीत किंवा चुन्यात रचलेले असतात. जांभा सच्छिद्र आहे. तो पाणी घेतो आणि हवा मिळाली की सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की या सोडण्याच्या वाटा बंद होतात. सिमेंटला बारीक चिरा पडतातच, पाणी त्यांतून आत शिरते, बाहेर येऊ शकत नाही, आणि अखेर आतल्या बाजूने रंग फुगवून बाहेर पडते. मग लोक आत आणखी जलरोधक रंग लावतात आणि ओल वर चढते. हे चक्र थांबवण्याचा उपाय म्हणजे निखळणारे सिमेंट काढून टाकणे, भिंत एक उन्हाळा वाळू देणे आणि पुन्हा चुन्याचा गिलावा करणे.

कळीचा चुना पाण्यात विरवताना तो उकळतो आणि भाजतो, म्हणून ते काम माहीतगाराकडूनच करून घ्यावे. विरवलेला चुना पाण्याखाली निदान तीन-चार आठवडे मुरू द्यावा. गिलाव्यासाठी साधारण एक भाग चुना आणि तीन भाग वाळू घ्यावी आणि थर पातळ ठेवावेत. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हळूहळू दगडासारखा होतो, त्यामुळे तो घाईने वाळू न देता पहिले काही दिवस पाणी शिंपडून ओलसर ठेवावा लागतो. वाळू खाडीची नसावी. खाडीच्या रेतीतले मीठ हवेतला ओलावा ओढते आणि भिंतीला कायमचा लोणा लागतो. नदीची वाळू मिळत नसेल तर धुतलेली खडीची भुकटी चालते.

उघडा जांभा दिसावा म्हणून गिलावा खरवडून टाकण्याची सध्या हौस आहे. आतल्या भिंतीला आणि खोल पडवीखालच्या भिंतीला ते शोभून दिसते. पण नैर्ऋत्येकडून येणारी झड ज्या भिंतीवर थेट आदळते तिचा गिलावा काढणे हे माझ्या मते चुकीचे आहे, कारण तिच्या सांध्यांतली माती पावसात धुऊन जाण्यासाठी ती रचलेलीच नव्हती. पूर्वी या बाजूला पावसाळाभर माडाचे झाप बांधत. आज पडवी वाढवणे हा अधिक टिकाऊ इलाज आहे. उघड्या चिऱ्यावर चकचकीत पारदर्शक लेप मारू नये, तोही श्वास कोंडतो.

जमीन

सारवलेली जमीन ठेवावी की नाही हा वापराचा प्रश्न आहे. नियमित सारवायला माणूस नसेल तर तिचा मोह सोडावा. एखादी ओटी तेवढी ठेवली तरी पुरे. तांबड्या रंगाचा घोटीव कोबा या घरांना साजतो, पायाला थंड लागतो आणि त्याला सांधे नसतात. गुळगुळीत व्हिट्रिफाइड लादी दमट दिवसांत घाम धरते आणि ओल्या पायांखाली घसरते, शिवाय तिच्याखाली अडलेला ओलावा भिंतींकडे सरकतो. जमीन खाली घेऊन छताची उंची वाढवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये. जुन्या भिंतींचा पाया उथळ असतो आणि तिच्या बुडाशी खणले की भिंत हलते.

उजेड, न्हाणीघर, वीज

माजघरातला अंधार हा दोष नाही. एप्रिल-मेच्या दुपारी घरातली सर्वांत थंड जागा तीच असते. तिथे मोठी खिडकी फोडण्याऐवजी उत्तरेकडच्या पाखीत काचेची दोन कौले घालावीत. त्यातून पडणारा उजेडाचा चौकोन जमिनीवर फिरत राहतो आणि वाचण्यापुरता उजेड मिळतो. फायबरची कौले काही वर्षांत पिवळी पडतात, म्हणून शोधून काचेचीच घ्यावीत. पंख्यासाठी तुळईला कडी आधीच ठोकून घ्यावी.

संडास-बाथरूम घराच्या पोटात घेऊ नये, मातीच्या भिंतीला ते सोसत नाही. मागच्या पडवीच्या टोकाला चिऱ्यांची नवी भिंत बांधून ती जागा करावी, म्हणजे पाण्याचे सगळे नळ एका बाजूला राहतात आणि पावसात बाहेर जावे लागत नाही. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. कातळात भेगा असतात आणि त्यांतून पाणी लवकर लांब जाते, त्यामुळे शेजाऱ्याच्या विहिरीचेही अंतर मोजावे.

वायरिंग पूर्ण नवे करावे, जुन्यावर जोडकाम करू नये. मातीच्या भिंतीत खाचा पाडण्यापेक्षा पाइप भिंतीवरून नीट ओळीत नेलेले बरे. विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसवावा आणि अर्थिंगचा खड्डा न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ घ्यावा, कारण कोरड्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही.

वेळापत्रक आणि पैसा

काम दिवाळीनंतर सुरू करून छप्पर मार्चअखेर पुरे करावे आणि मे महिना किरकोळ कामांसाठी मोकळा ठेवावा. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस दारात येतो. शिमग्यात आणि लग्नसराईत गवंडी-सुतार मिळत नाहीत, हे गृहीत धरूनच तारखा ठरवाव्यात. लाकडाचे प्रत्येक काम उतरवताना त्यावर क्रमांक टाकून छायाचित्र घ्यावे, आणि ठरवलेल्या रकमेच्या निदान पंचमांश रक्कम वेगळी ठेवावी, कारण कौले उतरल्यावर दिसणारी कूज आधी कुणालाच दिसलेली नसते. कारागिराने चुन्याचे काम याआधी कुठे केले आहे ते विचारून ते घर पावसाळ्यानंतर जाऊन पाहावे. सांधे आणि प्रमाण नजरेत बसवण्यासाठी रत्नागिरीतले लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आणि मालगुंडचे केशवसुतांचे घर ही दोन्ही पाहून यावीत.

वाळवीसाठी जोत्याच्या कडेने चर खणून औषध घालणे हे काम जमिनीच्या कामाआधी उरकावे आणि मातीच्या वाटा दर सहा महिन्यांनी तपासाव्यात. ठेकेदाराची शेवटची दहा टक्के रक्कम काम संपल्याच्या दिवशी देऊ नये. ती दसऱ्यापर्यंत हाती राहील असे करारातच लिहून घ्यावे, म्हणजे पहिला पावसाळा सरल्यावर माळ्यावर खडूच्या नव्या खुणा सापडल्या, तर तो कौलारू घेऊन परत येतो.